पाईपवर छापलेल्या आकड्यांचा अर्थ काय? प्लंबिंगचे कोड असे वाचा

गीझरखालचा जोड गळायला लागतो. प्लंबर येऊन बघतो आणि चिठ्ठीवर लिहून देतो : 'सीपी पाऊण एमएबीटी १, पाऊण बाय अर्धा ब्रास एल्बो २, टेफ्लॉन १.' चिठ्ठी घेऊन दुकानात गेलं की दुकानदार विचारतो, 'एसडीआर ११ देऊ की १३.५?' घरी आणलेल्या पाईपवर आणखी एक ओळ छापलेली असते. तिच्यात आयएस क्रमांक, मिमी, क्लास, सीएम/एल आणि बॅच असं बरंच काही असतं. बिलावर आठ आकडी एचएसएन कोड, तर फिटिंगच्या पिशवीवर बारकोड.

हे सगळे कोड प्लंबरसाठी असतात, असं समजून बहुतेक जण ते वाचतच नाहीत. पण चुकीचा कोड म्हणजे चुकीचा माल. तो भिंतीत किंवा जमिनीत गेला की चूक कळते ती ओल आल्यावर किंवा पाईप फुटल्यावर. मग पन्नास-शंभर रुपयांच्या एल्बोसाठी टाइल्स फोडाव्या लागतात. हे कोड वाचणं फारसं अवघड नाही. ते असे वाचायचे.

एका ओळीत चार माहित्या

पाईप किंवा फिटिंगवरचा कोणताही कोड साधारण चारपैकी एका प्रश्नाचं उत्तर देतो.

- माप किती? (अर्धा इंच, २० मिमी, ११० मिमी)
- माल कोणता आणि किती ताकदीचा? (सीपीव्हीसी, यूपीव्हीसी, जीआय, क्लास, एसडीआर, शेड्यूल)
- आकार आणि तोंड कसं? (एल्बो, टी, कपलर, आट्यांचं की सोल्यूशनचं)
- कोणी बनवला, कोणी तपासला, कोणी विकला? (आयएसआय चिन्ह, बॅच, बारकोड, एचएसएन)

दुकानातला घोळ बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नावर होतो.

'अर्धा इंच' म्हणजे नेमका किती?

अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. पण अर्ध्या इंची पाईपला पट्टी लावली, तर हा आकडा बहुधा कुठेच सापडत नाही. अर्ध्या इंची जीआय पाईपचा बाहेरचा व्यास २१.३ मिमी असतो. अर्ध्या इंची सीपीव्हीसी पाईपचा १५.९ मिमी. आणि शेतीच्या पीव्हीसी पाईपमध्ये ज्याला अर्धा इंच म्हणतात, त्याचा बाहेरचा व्यास २० मिमी. नाव एकच, पण पाईप तीन, आणि एकाचं फिटिंग दुसऱ्याला बसत नाही.

असं का? लोखंडी पाईपचं माप पूर्वी आतल्या पोकळीवरून ठरत होतं. पुढे पोलाद सुधारलं आणि पाईपची भिंत पातळ करता आली. पण आटे पाईपच्या बाहेरून पाडलेले असतात. बाहेरचा व्यास बदलला असता, तर आधीची सगळी फिटिंग वाया गेली असती. म्हणून बाहेरचा व्यास तोच ठेवला, आतली पोकळी वाढली आणि 'अर्धा इंच' हे फक्त नाव उरलं. अशा मापाला 'नॉमिनल बोअर' म्हणतात. पाईपवर 'एनबी' लिहिलेलं असतं, ते हेच.

घरगुती सीपीव्हीसी पाईपने मापं घेतली ती तांब्याच्या नळ्यांची. त्यावर 'सीटीएस' छापलेलं असतं. त्याचा अर्थ 'कॉपर ट्यूब साईज'. शेतीच्या आणि पाणीपुरवठ्याच्या पीव्हीसी पाईपला मात्र सरळ बाहेरच्या व्यासावरून नाव मिळतं.

सूत, इंच आणि मिलिमीटर

जुने प्लंबर आणि फॅब्रिकेटर अजूनही सुतात बोलतात. एका इंचात आठ सूत. म्हणजे चार सूत अर्धा इंच, सहा सूत पाऊण इंच. दुकानातली भाषा आणि पाईपवरचे आकडे यांचा मेळ असा लागतो :

| दुकानातलं नाव | जीआय आणि सीपीव्हीसीवरचा आकडा | शेतीच्या पीव्हीसी पाईपवरचा आकडा |
|---|---|---|
| अर्धा इंची (४ सूत) | १५ मिमी | २० मिमी |
| पाऊण इंची (६ सूत) | २० मिमी | २५ मिमी |
| एक इंची | २५ मिमी | ३२ मिमी |
| सव्वा इंची | ३२ मिमी | ४० मिमी |
| दीड इंची | ४० मिमी | ५० मिमी |
| दोन इंची | ५० मिमी | ६३ मिमी |
| अडीच इंची | ६५ मिमी | ७५ मिमी |
| तीन इंची | ८० मिमी | ९० मिमी |
| चार इंची | १०० मिमी | ११० मिमी |

तक्ता नीट पाहिला तर खरी अडचण लक्षात येते. '२० मिमी' हा आकडा सीपीव्हीसीवर असेल तर तो पाऊण इंची पाईप. शेतीच्या पीव्हीसीवर असेल तर अर्धा इंची. '५० मिमी' एका ठिकाणी दोन इंची, तर दुसऱ्या ठिकाणी दीड इंची. म्हणून फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर माल मागवताना नुसतं '२० मिमीचे दहा एल्बो' असं लिहू नये. 'सीपीव्हीसी, २० मिमी, पाऊण इंची' असं तिन्ही लिहावं.

ताकद सांगणारे तीन आकडे, आणि त्यांच्या उलट्या दिशा

पाईप किती दाब सोसेल हे सांगण्याच्या तीन पद्धती बाजारात आहेत.

पहिली पद्धत किलोची. शेतीच्या पीव्हीसी पाईपवर क्लास छापलेला असतो, आणि दुकानात त्याला '४ किलो', '६ किलो', '१० किलो' म्हणतात. हे पाईपचं वजन नव्हे. दर चौरस सेंटीमीटरला तो इतक्या किलोचा दाब सोसतो, असा त्याचा अर्थ. आयएस ४९८५ या मानकात क्लास १ ते ६ यांचा दाब अनुक्रमे २.५, ४, ६, ८, १०, १२.५ किलो असा आहे. म्हणजे 'क्लास ३' आणि '३ किलो' एक नव्हे. क्लास ३ चा पाईप ६ किलोचा असतो.

दुसरी पद्धत एसडीआरची. पाईपचा बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी, हा तो आकडा. पाऊण इंची सीपीव्हीसी पाईपचा व्यास २२.२ मिमी. त्याला ११ ने भागलं की जाडी सुमारे २ मिमी येते. १३.५ ने भागलं की ती सुमारे १.६ मिमीवर उतरते. म्हणजे एसडीआरचा आकडा जितका लहान, तितका पाईप जाड.

तिसरी पद्धत शेड्यूलची. 'शेड्यूल ४०' आणि 'शेड्यूल ८०' हे आकडे यूपीव्हीसी प्लंबिंग पाईपवर आणि मोठ्या मापाच्या सीपीव्हीसी पाईपवर दिसतात. इथे आकडा जितका मोठा, तितकी भिंत जाड. अर्ध्या इंची शेड्यूल ४० पाईपची भिंत २.७७ मिमी, तर शेड्यूल ८० ची ३.७३ मिमी.

थोडक्यात, किलो आणि शेड्यूल वाढले की ताकद वाढते; एसडीआर वाढला की ताकद घटते. '१३.५ म्हणजे ११ पेक्षा भारी' असं समजून जास्त पैसे मोजले, तर हातात पातळ पाईप येतो.

विहिरीपासून शेतापर्यंत : किती किलोचा पाईप?

हा हिशेब घरबसल्या करता येतो. पाण्याचा उभा स्तंभ १० मीटर उंच असेल, तर त्याच्या तळाशी साधारण १ किलो दाब असतो. समजा विहिरीतलं पाणी जमिनीपासून २० मीटर खाली आहे आणि ते विहिरीच्या काठापासून २५ मीटर उंच असलेल्या टाकीत चढवायचं आहे. एकूण उंची ४५ मीटर. म्हणजे मोटरजवळच्या पाईपवर नुसता पाण्याच्या भाराचा दाब ४.५ किलो. त्यात घर्षणाची भर पडते, ती वेगळी.

इथे ४ किलोचा पाईप टाकला तर तो पहिल्याच दिवशी फुटेल असं नाही. पण वीज गेली की वर चढणारं पाणी मागे फिरतं, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह झटक्यात बंद होतो आणि दाबाचा मोठा धक्का बसतो. भारनियमन असलेल्या भागात हे दिवसातून अनेकदा घडतं. म्हणून अशा जागी खालच्या टप्प्यात किमान ६ किलोचा पाईप लागतो. चढाव लांबलचक असेल तर खाली जास्त क्लासचा आणि वर कमी क्लासचा पाईप टाकून खर्च वाचवता येतो. कारण वर जावं तसा दाब कमी होत जातो.

आणखी एक बाब. पीव्हीसी पाईपवर छापलेला दाब २७ अंश सेल्सिअस तापमानाला धरलेला असतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उघड्यावर पडलेला पाईप याहून बराच तापतो आणि त्याची ताकद त्या प्रमाणात उतरते. पाईप गाडून टाकायला सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

गीझरला पांढरा पाईप का चालत नाही?

यूपीव्हीसी आणि सीपीव्हीसी ही नावं सारखी वाटतात, पण काम वेगळं. यूपीव्हीसी गार पाण्यासाठी. सीपीव्हीसीमध्ये क्लोरीनचं प्रमाण वाढवलेलं असतं, त्यामुळे तो गरम पाणी सोसतो. त्याचं भारतीय मानक आयएस १५७७८.

पण 'सोसतो' याला मर्यादा आहे, आणि तीही आकड्यांतच सांगितलेली असते. एसडीआर ११ चा सीपीव्हीसी पाईप २३ अंशाला ४०० पीएसआय, म्हणजे सुमारे २८ किलो दाब घेतो. तोच पाईप ८२ अंशाला १०० पीएसआय, म्हणजे सुमारे ७ किलो घेतो. पाणी तापलं की ताकद एक चतुर्थांश होते. म्हणून गरम पाण्याच्या लाईनला एसडीआर ११ घेणं शहाणपणाचं.

सोल्यूशनच्या डब्यावरचं नावही वाचायला हवं. सीपीव्हीसीचं आणि यूपीव्हीसीचं सोल्यूशन वेगळं असतं. उरलेला डबा कुठेही वापरला, तर जोड सुरुवातीला धरतो आणि काही दिवसांनी गीझरच्या बाजूनेच सुटतो.

'ए' म्हणजे उत्तम नव्हे

शाळेतल्या 'ए ग्रेड'चा हिशेब इथे चालत नाही. जीआय पाईप आयएस १२३९ प्रमाणे तीन वर्गांत येतो आणि प्रत्येकावर रंगाचा पट्टा असतो.

- हलका, म्हणजे बाजारातला ए क्लास : पिवळा पट्टा
- मध्यम, म्हणजे बी क्लास : निळा पट्टा
- जड, म्हणजे सी क्लास : लाल पट्टा

अर्ध्या इंची पाईपची भिंत या तिघांत अनुक्रमे २.०, २.६ आणि ३.२ मिमी असते. बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, त्यामुळे भिंतीत बसवल्यावर फरक दिसत नाही. आटे पाडताना भिंतीचा काही भाग कापला जातो, तेव्हा हलक्या पाईपमध्ये आट्यांपाशी फारच थोडा पत्रा उरतो. गंज पहिल्यांदा तिथेच लागतो. कोटेशनमध्ये 'बी क्लास' लिहिलं असेल, तर माल उतरवून घेताना निळा पट्टा बघावा. पाईप रंगवल्यानंतर पट्टा शोधून काही उपयोग नाही.

सांडपाण्याच्या एसडब्ल्यूआर पाईपचंही तसंच. आयएस १३५९२ मध्ये दोन प्रकार आहेत. 'टाईप ए' पावसाच्या पाण्यासाठी आणि हवा जाण्याच्या पाईपसाठी. 'टाईप बी' संडास-बाथरूमच्या सांडपाण्यासाठी; त्याची भिंत जास्त जाड. दोन्ही ११० मिमीचे, दिसायला सारखे. गच्चीवरून पाणी उतरवायला टाईप ए पुरतो. संडासाच्या लाईनला तो वापरला, तर सोसायटीला पुढे त्याची किंमत मोजावी लागते. याच पाईपवर 'सेल्फिट' म्हणजे सोल्यूशनने चिकटवायचा आणि 'रिंगफिट' म्हणजे आत रबर रिंग असलेला, असाही भेद असतो.

फिटिंगची आद्याक्षरं

चिठ्ठीवरच्या 'एमएबीटी'चं कोडं सोपं आहे. प्रत्येक अक्षर एका इंग्रजी शब्दाचं आहे.

- एमएपीटी : मेल अॅडॉप्टर प्लास्टिक थ्रेडेड. आटे बाहेरून, प्लास्टिकचे.
- एफएपीटी : फिमेल अॅडॉप्टर प्लास्टिक थ्रेडेड. आटे आतून, प्लास्टिकचे.
- एमएबीटी : मेल अॅडॉप्टर ब्रास थ्रेडेड. आटे बाहेरून, पितळेचे.
- एफएबीटी : फिमेल अॅडॉप्टर ब्रास थ्रेडेड. आटे आतून, पितळेचे.

जिथे नळ, गीझर किंवा व्हॉल्व्ह बसतो आणि पुन्हा पुन्हा उघडावा लागतो, तिथे पितळी आटे घ्यावेत. प्लास्टिकचे आटे पान्याने जास्त आवळले की तडकतात.

आट्यांचंही मानक असतं. भारतात ब्रिटिश पद्धतीचे, म्हणजे 'बीएसपी' आटे चालतात, अमेरिकेत 'एनपीटी'. अर्ध्या इंचाला दोन्हींत इंचाला १४ आटेच असतात, पण आट्यांचा कोन एकात ५५ अंश तर दुसऱ्यात ६० अंश. त्यामुळे अमेरिकेतून हौसेने आणलेला शॉवर इथल्या पाईपवर फिरतो, बसल्यासारखा वाटतो आणि मग ठिबकत राहतो. कितीही टेफ्लॉन गुंडाळलं तरी त्याचा भरवसा नाही. त्यासाठी वेगळा अॅडॉप्टर लागतो.

टीवरचे आकडे वाचण्याचीही रीत आहे. आधी सरळ जाणाऱ्या लाईनची दोन तोंडं, शेवटी बाजूची फांदी. '२५ × २५ × १५' म्हणजे एक इंची लाईन सरळ जाते आणि मधून अर्ध्या इंचाची फांदी निघते. दोनच आकडे असतील, म्हणजे '२५ × १५', तर पहिला लाईनचा आणि दुसरा फांदीचा. रिड्युसरवर मात्र हेच दोन आकडे दोन टोकांचे असतात.

आयएसआय चिन्ह खरं की खोटं?

भारतीय मानक ठरवणारी संस्था १९४७ मध्ये 'इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन' म्हणून सुरू झाली. १९८७ पासून तिचं काम ब्युरो ऑफ इंडियन स्टँडर्ड्स, म्हणजे बीआयएस बघतं. चिन्हाचं नाव मात्र आयएसआय असंच राहिलं.

खऱ्या चिन्हाबरोबर दोन आकडे असतात. वर मानकाचा क्रमांक, उदाहरणार्थ आयएस १५७७८. खाली 'सीएम/एल' आणि त्यापुढे परवाना क्रमांक. नुसतं चिन्ह असेल आणि खाली क्रमांक नसेल, तर तिथेच शंका घ्यावी. बीआयएसच्या 'बीआयएस केअर' या मोबाईल अॅपमध्ये हा परवाना क्रमांक टाकून तपासता येतो. परवाना कोणाच्या नावावर आहे, कोणत्या मालासाठी आहे आणि तो चालू आहे का, हे त्यात कळतं. पाईपवरचं नाव आणि अॅपमधलं नाव जुळलं पाहिजे.

'आयएसओ ९००१' हा वेगळा प्रकार. ते कंपनीच्या कामकाज पद्धतीचं प्रमाणपत्र आहे. तो पाईप तपासून पास केला, असा त्याचा अर्थ होत नाही.

पाईपवर बॅच क्रमांक किंवा तारीखही असते. पाईप भिंतीत जाण्याआधी त्या छापील ओळीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. पुढे तक्रार करायची वेळ आली, तर कोणत्या बॅचचा माल होता हे सांगणारा पुरावा तोच.

बिलावरचा एचएसएन आणि पिशवीवरचा बारकोड

एचएसएन हा करासाठीचा कोड. त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, भारतात तो आठ आकडी होतो. प्लास्टिकचे पाईप आणि फिटिंग ३९१७ मध्ये येतात. त्यात कडक पीव्हीसी पाईप ३९१७२३ आणि फिटिंग ३९१७४०. लोखंडी-पोलादी फिटिंग ७३०७ मध्ये. नळ आणि व्हॉल्व्ह ८४८१ मध्ये, मग ते पितळेचे असोत की प्लास्टिकचे. या कोडवरून माप किंवा दर्जा कळत नाही. अर्ध्या इंची आणि चार इंची एल्बोचा एचएसएन एकच असू शकतो.

बारकोडचे पहिले तीन आकडे ८९० असतील, तर माल भारतात बनला असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो क्रमांक जीएसवन इंडिया या संस्थेकडून घेतला आहे, एवढंच त्यातून कळतं.

सोसायटीच्या किंवा दुकानाच्या स्टोअरसाठी स्वतःचा कोड

पन्नास-साठ घरांच्या सोसायटीच्या स्टोअरमध्येही शंभरेक प्रकारची फिटिंग जमतात. काय शिल्लक आहे हे माहीत नसल्यामुळे तीच वस्तू पुन्हा विकत आणली जाते. त्यावर उपाय म्हणजे साधा, ठरलेल्या क्रमाचा कोड : माल–आकार–माप–तोंड.

'सीपी–एल९०–०२०–बीटी' असा कोड पाहिला की कळतं : सीपीव्हीसी, ९० अंशाचा एल्बो, २० मिमी, पितळी आटे. 'एसडब्ल्यू–टी–११०–आरएफ' म्हणजे एसडब्ल्यूआर, टी, ११० मिमी, रिंगफिट.

कोड करताना काही पथ्यं पाळावी लागतात.

- क्रम कधीही बदलू नये. आज माप आधी आणि उद्या आकार आधी, असं झालं की यादी निरुपयोगी होते.
- माप तीन आकडी लिहावं. २० ऐवजी ०२० लिहिलं, तर संगणकावरच्या यादीत ते ११० च्या आधी नीट लागतं.
- इंच आणि मिमी यांपैकी एकच वापरावं, आणि पाईपवर छापलेलाच आकडा घ्यावा.
- किंमत किंवा कपाटाचा नंबर कोडमध्ये घालू नये. किंमत बदलते, कपाट बदलतं. कोड बदलता कामा नये.
- बंद झालेल्या वस्तूचा कोड नव्या वस्तूला देऊ नये. जुनी बिलं वाचताना घोळ होतो.
- कोड इंग्रजीत असेल तर 'ओ' आणि 'आय' ही अक्षरं टाळावीत. ती शून्य आणि एकसारखी दिसतात.

दुकानात जाण्यापूर्वी

जुना तुकडा सोबत न्यावा. ते जमत नसेल तर त्यावरच्या छापील ओळीचा फोटो न्यावा. छापील ओळ पुसली असेल, तर पाईपभोवती दोरा गुंडाळून घेर मोजावा आणि त्याला ३.१४ ने भागावं. बाहेरचा व्यास मिळतो. सुमारे १६ मिमी आला तर अर्धा इंची सीपीव्हीसी, २२ आला आणि पाईप फिकट पिवळसर प्लास्टिकचा असेल तर पाऊण इंची सीपीव्हीसी, २१ च्या आसपास आला आणि लोखंडी असेल तर अर्धा इंची जीआय.

मग दुकानदाराला पाच गोष्टी सांगायच्या : माल, माप, क्लास किंवा एसडीआर, आकार आणि तोंड. या पाच गोष्टी सांगता आल्या की बहुतेक वेळा दुसरी फेरी मारावी लागत नाही.